सुगमतेची मीमांसा : डिजिटल साधने आणि वाचकाचे श्रम

१

भारवीच्या 'किरातार्जुनीया'वर टीका लिहिताना मल्लिनाथाने कवीच्या वाणीला नारळाची उपमा दिली आहे. बाहेरचे कवच टणक आहे, ते फोडून देणे हे टीकाकाराचे काम. आतला रस चाखणे मात्र रसिकाकडे राहते. या टीकेला त्याने दिलेले नाव 'घंटापथ', म्हणजे राजमार्ग, असे आहे. काव्य दुर्गम असले तरी त्याच्यापर्यंत नेणारा रस्ता प्रशस्त असावा, असे त्याला वाटत होते. परंतु रस्ता बांधून देणारा प्रवाशाच्या वतीने प्रवास करीत नाही, हेही त्या नावातच अभिप्रेत आहे.

याच परंपरेत या प्रश्नावर दोन टोकाच्या भूमिकाही आढळतात. आपले काव्य टीकेच्या आधारानेच कळेल, विद्वानांसाठी तो उत्सव ठरेल आणि मंदबुद्धीच्या वाचकाची आपण पर्वा केलेली नाही, असे भट्टीने आपल्या काव्याच्या अखेरीस अभिमानाने नोंदवले. भामहाने जवळजवळ त्याच शब्दांत, पण नेमक्या उलट्या सुरात, काव्येही शास्त्रांसारखी टीकेवाचून कळेनाशी होणार असतील तर सामान्य वाचकाचा घातच झाला, अशी खंत व्यक्त केली. मराठीपुरते बोलायचे तर बा. सी. मर्ढेकरांच्या 'कांहीं कविता' (१९४७) या संग्रहानंतर दुर्बोधतेविषयी जो वाद रंगला, तो याच जुन्या वादाचा आधुनिक अवतार होता. सुगम असणे हा वाङ्मयाचा गुण की मर्यादा, हा प्रश्न आपल्याकडे कधीच निकालात निघाला नाही. आणि तो निकालात न निघणे हेच वाङ्मयविचाराच्या दृष्टीने हिताचे ठरले.

आज हा प्रश्न वेगळ्याच क्षेत्रात परस्पर निकालात काढला गेला आहे. आपण ज्या साधनांवर वाचतो, लिहितो, शोधतो आणि पुस्तके विकत घेतो, त्या डिजिटल साधनांच्या रचनेमागे सुगमतेचा एक निश्चित सिद्धांत आहे. साधन जितके सोपे तितके चांगले, हे त्याचे मुख्य सूत्र. प्रस्तुत लेखात या सूत्राची तपासणी वाङ्मयसमीक्षेच्या दृष्टीने करावयाची आहे. कारण वाचनाची कृती कशी घडावी याविषयीचे ते एक अघोषित सौंदर्यशास्त्रच आहे, आणि समीक्षेने त्याच्याकडे 'तांत्रिक बाब' म्हणून पाहणे आता परवडण्यासारखे नाही.

२

या सूत्राचा उगम सद्हेतूतूनच झाला. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली दैनंदिन वापराच्या वस्तूंच्या मानसशास्त्रावर ग्रंथ लिहिला. दार ढकलावे की ओढावे हे कळत नसेल तर दोष वापरणाऱ्याचा नसून दाराच्या रचनेचा आहे, हा त्यांचा मुद्दा न्याय्य होता. यंत्रापुढे स्वतःला अडाणी समजून ओशाळणाऱ्या माणसाला त्यामुळे दिलासा मिळाला. स्टीव्ह क्रुग यांनी २००० साली संकेतस्थळांच्या रचनेविषयी जे पुस्तक लिहिले, त्याचे शीर्षकच 'मला विचार करायला लावू नका' अशा अर्थाचे आहे. वापरणाऱ्याला क्षणभरही थबकावे लागू नये, ही अपेक्षा आता व्यवसायाचा मूलमंत्र झाली.

या अपेक्षेला तत्त्वज्ञानाचे पाठबळही सापडते. हायडेगर यांनी १९२७ च्या 'बीइंग अँड टाइम'मध्ये हातोड्याचे उदाहरण घेतले आहे. हातोडा नीट चालत असतो तेव्हा सुताराचे लक्ष त्याच्याकडे नसते. ते खिळ्याकडे, कामाकडे असते. हातोडा मोडतो तेव्हाच तो वस्तू म्हणून समोर येतो. चांगले साधन म्हणजे अदृश्य होणारे साधन, असा अर्थ यातून काढणे सोपे आहे. परंतु टेरी विनोग्राड आणि फर्नांडो फ्लोरेस यांनी १९८६ साली संगणक आणि आकलन यांच्या संबंधाची चर्चा करताना याच विवेचनातील दुसऱ्या बाजूवर भर दिला. काम अडते त्या क्षणी आपण कशाच्या आधाराने काम करीत होतो हे उघड होते. अडणे ही केवळ गैरसोय नसते. ती जाणिवेची संधी असते.

येथे वाङ्मयाचा सिद्धांत आपोआप आठवतो. व्हिक्टर श्क्लोव्हस्की यांनी १९१७ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असे मांडले, की सवयीमुळे जग आपल्याला दिसेनासे होते आणि कला ते अपरिचित करून पुन्हा दाखवते. त्यासाठी ती रूप अवघड करते, संवेदनेचा काळ लांबवते. म्हणजे साधनाच्या रचनेचे ध्येय थबकणे नाहीसे करणे हे आहे, तर कलाकृतीच्या रचनेचे ध्येय थबकणे निर्माण करणे हे आहे. या दोन ध्येयांत विरोध असण्याचे वस्तुतः काही कारण नव्हते. सुताराला हातोडा सोपा हवा आणि वाचकाला कविता अवघड चालावी, यात विसंगती नाही. विरोध निर्माण होतो तो कलाकृती साधनाच्या पोटात शिरते तेव्हा. जेव्हा कविता, कोश, पोथी, कादंबरी ही सारी त्याच एका पडद्यावर, त्याच एका नियमाने, न थबकता पुढे सरकू लागतात.

३

तथापि सुगमतेविरुद्ध सरसकट फिर्याद दाखल करणे हा मोठा प्रमाद होईल, आणि मराठी समीक्षकाने तर तो करूच नये. आपल्या भाषेचा वाङ्मयीन इतिहासच सुगमतेच्या एका महान कृतीपासून आत्मविश्वासाने चालू लागतो. शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी गीतार्थ मराठीत आणला, तो ज्यांना संस्कृताचे दार बंद होते त्यांच्यासाठी. याउलट महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले. ग्रंथांचे रक्षण हा त्यामागील हेतू असला तरी परिणाम असा झाला, की मराठी गद्याचा अमोल ठेवा पंथाबाहेरच्या वाचकाला शतकानुशतके पारखा राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांचा उलगडा झाल्यानंतरच तो मराठी वाङ्मयेतिहासाचा भाग होऊ शकला. ज्ञान दुर्गम ठेवण्यात कोणाचे हितसंबंध गुंतलेले असतात, हे जोतीराव फुले यांनी आपल्या लेखनातून दाखवून दिलेच आहे. अवघडपणाचे गुणगान करताना हा इतिहास विसरला, तर ते गुणगान जुन्या मक्तेदारीचेच समर्थन ठरते.

म्हणून सुगमतेचे तीन स्तर वेगळे करणे आवश्यक वाटते. पहिला स्तर प्रवेशाचा. संहिता हाती येणे, डोळ्यांना दिसणे, अंध वाचकाला ती ऐकता येणे, दूरच्या गावातील विद्यार्थ्याला दुर्मिळ ग्रंथ पाहता येणे हे सर्व या स्तरावर मोडते. येथे सुगमता जितकी वाढेल तितकी हवीच. दुसरा स्तर आकलनाचा. येथे टीका, कोश, टिपा, शिक्षक यांची मदत लागते. पण मदत घेऊन कळून घेण्याची क्रिया वाचकालाच करावी लागते. तिसरा स्तर निर्णयाचा. काय वाचावे, कोठे थांबावे, कोणते वाक्य महत्त्वाचे, कोणता शब्द योग्य, हे ठरवण्याचा हा स्तर आहे. माझे प्रतिपादन असे, की डिजिटल साधने पहिल्या स्तरावरची सुगमता देतात त्याच हालचालीत दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तरावरची कामेही काढून घेतात. आणि पहिल्या स्तरावरील लाभ इतका खरा असतो, की पुढचा व्यवहार आपल्या ध्यानातच येत नाही.

४

हे प्रतिपादन आपल्याच अभ्यासाच्या साधनांवर पडताळून पाहू. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' शिकागो विद्यापीठाच्या प्रकल्पामुळे आता संगणकावर घरबसल्या पाहता येतात. प्रवेशाच्या दृष्टीने ही क्रांतीच होय. मात्र छापील कोशात शब्द शोधणारा वाचक वर्णक्रमाने जात असे आणि वाटेत शेजारचे शब्द त्याला भेटत. एकाच धातूची लेकरे, एखादी म्हण, एखादा प्रांतिक अर्थ, हे सारे न मागता हाती लागे. शोधपेटी मात्र विचारले तेवढेच देते. शब्दाचे शेजार तुटले, की शब्द हा एका व्यवस्थेचा घटक आहे, ही आधुनिक भाषाविज्ञानाची मूलभूत जाणीवही अनुभवातून पुसली जाते.

याहून गंभीर गोष्ट शोधाच्या अपयशाची आहे. मराठीतील 'दऱ्या' या शब्दातील अर्धा र संगणकीय संहितेत दोन वेगळ्या रीतींनी साठवला जाऊ शकतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. पण दोन्हींचा मेळ घालण्याची तजवीज नसलेल्या शोधाला ती वेगळी वाटतात. जुन्या खासगी फाँटांत टंकलिखित झालेल्या संहिता तर युनिकोडमधील शोधाला सापडतच नाहीत. त्यात १९६२ च्या लेखनविषयक नियमांपूर्वीचे अनुस्वार आहेत. 'काही' असा शोध घेणाऱ्याला 'कांहीं' लिहिणारा लेखक भेटेलच असे नाही. मर्ढेकरांच्या संग्रहाचे शीर्षकदेखील अशा शोधातून निसटू शकते. या अडचणी तांत्रिक आहेत आणि त्यांवर उपायही आहेत. प्रश्न आहे तो शोधपेटीच्या गुळगुळीतपणाचा. ती यांपैकी काहीही सांगत नाही. ती फक्त 'शून्य' असे उत्तर देते. न सापडणे आणि नसणे यांतील फरक हा संशोधनाच्या शिस्तीचा गाभा आहे. अमुक शब्द अमुक कवीत येत नाही, असे विधान करण्यापूर्वी पूर्वीच्या अभ्यासकाला सारी संहिता चाळावी लागे. त्यामुळे त्याच्या 'नाही'ला वजन असे. आजच्या प्रबंधातील 'नाही' बहुधा शोधपेटीचे असते, आणि ते विधान करणाऱ्यालाही हे ठाऊक नसते.

लेखनाच्या बाबतीतही हेच घडते. भारतीय लिप्यांसाठी १९८० च्या दशकात प्रमाणित झालेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. अल्पप्राण आणि महाप्राण ही जोडी एकाच कळीवर आहे. तो शिकायला काही दिवस लागतात, पण शिकणाऱ्याच्या बोटांत वर्णमालेची रचनाच उतरते. रोमन अक्षरे टंकून देवनागरी मिळवण्याची आजची लोकप्रिय रीत काहीच शिकायला लावत नाही. लिहिणारा रोमन अक्षरांत आवाजाचा साधारण आकार देतो, यंत्र 'दर्या' आणि 'दऱ्या' असे पर्याय पुढे करते, आणि लिहिणारा त्यांतील एक उचलतो. समुद्र आणि खिंडी यांतील, आचार्यांच्या आणि आचाऱ्यांच्या घरातील फरक मराठी माणूस ज्या सूक्ष्म उच्चारभेदाने करतो, तो आता पर्यायसूचीच्या क्रमावर सोपवला गेला आहे. न आणि ण, ल आणि ळ यांचेही तेच. लिहिणे या क्रियेचे निवडणे या क्रियेत रूपांतर होते. आणि निवडही बहुधा सूचीतील पहिल्या शब्दाचीच होते. या रीतीमुळे असंख्य माणसे मराठीत लिहू लागली हे निर्विवाद आहे, आणि ते स्वागतार्हच आहे. पण प्रवेशाचा लाभ देताना निर्णयाचा कोणता भाग काढून घेतला गेला, याची नोंद ठेवणे हे भाषेच्या अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

५

वाचनाच्या उत्पादनांत तर निर्णयाचे हे स्थलांतर उघडच दिसते. एझा रास्किन यांनी २००६ मध्ये कधीही न संपणाऱ्या पानाची रचना केली; पुढे या रचनेविषयी त्यांनी स्वतः जाहीरपणे खेद व्यक्त केला. पुढील पानावर जाण्याची कळ दाबण्याचा त्रास वाचला, एवढीच ती सोय. परंतु ती कळ हा एक प्रश्नही होता : पुढे जायचे आहे का? फ्रँक कर्मोड यांनी 'द सेन्स ऑफ अॅन एंडिंग'मध्ये (१९६७) शेवटाच्या जाणिवेतूनच कथनाला अर्थ प्राप्त होतो असे दाखवले. आपल्याकडील अध्यायसमाप्ती, फलश्रुती, भरतवाक्य हे सारे शेवटाचे संकेत होते. पोथीचे पान उलटताना वाचणाऱ्याचा हात थांबे, आणि त्या थांब्यात ऐकलेले मुरे. ज्या रूपबंधाला शेवटच नाही, त्याला आकारही नाही. त्यात केवळ प्रवाह आहे.

एका कळीत खरेदी करण्याच्या रीतीचे अॅमेझॉनला १९९९ मध्ये मिळालेले एकस्व २०१७ मध्ये संपले. रीत मात्र सर्वत्र रुजली. इ-पुस्तक घेणे इतके सोपे झाले, की आपण काय घेतो आहोत हे विचारण्याची गरजच उरली नाही. जुलै २००९ मध्ये त्याच कंपनीने जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' आणि 'अॅनिमल फार्म' यांच्या काही प्रती, त्या पुरवणाऱ्याकडे प्रकाशनाचे हक्क नसल्याच्या कारणावरून, ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या, तेव्हा अनेकांना प्रथमच कळले की त्यांनी पुस्तक नव्हे, वाचण्याचा परवाना विकत घेतला होता. कंपनीने क्षमा मागितली. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये विकत घेतलेली प्रत संगणकावर उतरवून ठेवण्याची सोयही तिने बंद केली. कराराच्या अटी कोठेतरी लिहिलेल्या असतातच. सुगमतेने त्या लपवल्या नाहीत; वाचण्याचे प्रयोजन तेवढे काढून टाकले. जाताना वाट सोपी आणि परतताना अवघड, ही विषमताही लक्षणीय आहे. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांचे जे तेरा प्रकार निषिद्ध ठरवले, त्यांत सदस्यत्व सोडणे जाणूनबुजून कठीण करण्याचाही समावेश आहे. याचाच अर्थ असा, की सुगमता हे निरपेक्ष मूल्य रचनाकारांनाही मान्य नाही. कोणाची सोय पाहायची हे अगोदर ठरलेले असते.

किंडलवरील लोकप्रिय अधोरेखनांची सोय वाङ्मयविचाराच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. इतर अनेक वाचकांनी ज्या ओळींखाली रेघ ओढली, त्या नव्या वाचकाला वाचतानाच दाखवल्या जातात. वोल्फगांग इझर यांनी संहितेतील रिकाम्या जागांविषयी जे सांगितले, त्याची येथे नकळत टवाळी होते. रिकामी जागा वाचकाने भरण्यापूर्वीच तिच्यावर बहुमताचा शिक्का बसलेला असतो. आणि २०२२ च्या अखेरीनंतर सार्वत्रिक झालेल्या सारांशयंत्रांनी तर वाचकाला ती जागा पाहण्याचेही कारण ठेवलेले नाही. काव्याचा गद्य सारांश म्हणजे काव्य नव्हे, असे क्लीन्थ ब्रुक्स यांनी १९४७ मध्ये, मर्ढेकरांचा उपरोक्त संग्रह आला त्याच वर्षी, आग्रहाने मांडले होते. त्यांनी ज्याला पाखंड म्हटले, ती आता एका कळीने मिळणारी सेवा आहे.

६

येथे एक आक्षेप संभवतो. छपाई आली तेव्हाही, कोश आले तेव्हाही, अशीच हाकाटी झाली असेल. प्रत्येक सोय कोणते तरी जुने कौशल्य संपवते आणि माणूस मोकळ्या झालेल्या शक्तीचा नवा उपयोग करतो. हा आक्षेप वजनदार आहे. त्याला उत्तर देताना लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये स्वयंचलित यंत्रणांविषयी दाखवलेला विरोधाभास उपयोगी पडतो. यंत्र सोपी कामे करते आणि कठीण प्रसंग माणसावर सोडते. पण सोप्या कामांच्या सरावातूनच कठीण प्रसंगाला लागणारे कौशल्य आलेले असते. सराव गेला, की यंत्रावर देखरेख ठेवण्याची पात्रताही जाते. सारांश बरोबर आहे की नाही हे मूळ संहिता वाचू शकणाराच सांगू शकतो. शोधाचे 'शून्य' संशयास्पद आहे हे ज्याने संहिता पानोपानी चाळली आहे त्यालाच सुचते. यंत्राने दिलेला 'दर्या' चुकीचा आहे हे ज्याच्या कानात 'दऱ्या' आहे त्यालाच दिसते. या साधनांचा उत्तम उपयोग आज करणारे बहुतेक अभ्यासक त्या साधनांवाचून घडलेले आहेत. पुढच्या पिढीविषयीची काळजी नेमकी येथे सुरू होते. ती जुन्या दिवसांच्या ओढीतून आलेली नाही.

म्हणून मागणी साधने अवघड करण्याची नाही. कळफलक जाचक व्हावेत, ग्रंथ पुन्हा कुलुपात जावेत, असे कोणी म्हणणार नाही. साधनांनी आपले सांधे दिसू द्यावेत, एवढीच अपेक्षा आहे. शोधपेटीने आपण काय पाहिले आणि काय पाहू शकलो नाही हे सांगावे, अधोरेखने मागितल्यावरच दिसावीत, पानाला शेवट असावा. साधनांचे रचनाकार हे करोत वा न करोत, अध्यापनाच्या पातळीवर काही गोष्टी आपल्या हाती आहेत. पदव्युत्तर वर्गात एखादी संहिता शोधाविना, सारांशाविना, आरंभापासून अखेरपर्यंत वाचून घेणे ही आता केवळ जुनी पद्धत राहिलेली नाही. साधनांची परीक्षा करण्याची पात्रता देणारे ते प्रशिक्षण आहे. प्रबंधात एखाद्या शब्दाच्या अभावाविषयी विधान असेल तर ते कोणत्या संहितेत आणि कोणत्या रीतीने पडताळले, हे विचारण्याचा प्रघात परीक्षकांनीही पाडायला हवा.

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा आरंभ श्रोत्यांकडे अवधान मागून होतो. ज्या ग्रंथकाराने भाषेचे दार सर्वांसाठी उघडले, त्यानेच आत आलेल्यांकडे ही एक गोष्ट मागितली. कारण तिच्यावाचून उघडलेल्या दाराचा उपयोग नव्हता. ज्ञानदेवांची सुगमता अवधान मागते. आपल्या हातातील साधनांची सुगमता ते मागत नाही, परस्पर घेऊन जाते. सुगमतेच्या या दोन जाती वेगळ्या ओळखता येणे, हे यापुढे वाङ्मयाच्या अभ्यासकाला टाळता येणार नाही.